लग्न नको म्हणता, मग वारसाचं काय?

समलिंगी विवाहाचा विषय निघाला की आपल्याकडे चर्चा थेट मांडवात शिरते. मुंडावळ्या कुणाला, कन्यादान कुणाचं, आजी काय म्हणेल. मी बँकेत ठेवींच्या काउंटरवर नोकरी काढली आहे, त्यामुळे मला हा प्रश्न मांडवातला वाटतच नाही. तो कागदपत्रांचा आहे.

ठेवीच्या नॉमिनेशन फॉर्मवर ‘ठेवीदाराशी नाते, असल्यास’ असा एक रकाना असतो. एका बाईंनी तिथे ‘मैत्रीण’ लिहिलं होतं. दोघी कित्येक वर्षं एकाच घरात राहत होत्या, सह्या करायलाही बरोबरच यायच्या. ठेवीदार बाई गेल्या. नॉमिनी म्हणून आम्ही दुसरीला रक्कम दिली आणि पाठोपाठ गावाकडून भाऊ हजर! कायद्याने त्याचं चुकलं नव्हतं. नॉमिनी पैसे घेतो, पण मालक होत नाही. मृत्युपत्र नसेल तर अविवाहित हिंदू स्त्रीची मालमत्ता आधी आईवडिलांकडे, ते नसतील तर वडिलांच्या वारसांकडे जाते. त्या यादीत मैत्रीण कुठेच बसत नाही.

आता समलिंगी विवाहावरचा सर्वोच्च न्यायालयाचा १७ ऑक्टोबर २०२३ चा निकाल. पाचही न्यायमूर्ती म्हणाले की विवाह हा मूलभूत हक्क नाही आणि १९५४ चा विशेष विवाह कायदा समलिंगी जोडप्यांपर्यंत ताणता येणार नाही. अशा नात्याला कायदेशीर मान्यता आणि मूल दत्तक घेण्याचा हक्क द्यायला तेव्हाचे सरन्यायाधीश चंद्रचूड आणि न्या. कौल तयार होते, उरलेले तिघे नव्हते. विशेष विवाह कायद्यातली लग्नाच्या वयाची ‘पुरुष २१, स्त्री १८’ ही अट बदलायची तर वारसा, घटस्फोट, पोटगी सगळंच उसवतं. ते काम संसदेचं, हे मलाही पटतं.

पटत नाही ते पुढचं. पीएफ, ग्रॅच्युइटी, पेन्शन यांसारखे लाभ विवाहाशी बांधल्याने या जोडप्यांशी भेदभाव होतो, हे बहुमताच्या बाजूने लिहिणाऱ्या न्या. भटांनीही मान्य केलं. अन्याय दिसला, मग उपाय? समिती. मुदत नाही! दक्षिण आफ्रिकेच्या न्यायालयानेही २००५ मध्ये विषय संसदेकडेच पाठवला होता, पण एका वर्षाची मुदत घालून. २००६ मध्ये कायदा झाला. तैवानच्या न्यायालयाने २०१७ मध्ये दोन वर्षं दिली, २०१९ मध्ये कायदा आला. आपल्याकडे जानेवारी २०२५ मध्ये निकाल पुन्हा तपासा म्हणणाऱ्या पुनर्विलोकन याचिकाही फेटाळल्या गेल्या. बाबासाहेबांनी घटनेचा आत्मा आणि हृदय म्हटलं ते कलम ३२ ला, म्हणजे हक्क मोडला तर थेट सर्वोच्च न्यायालयात दाद मागण्याच्या हक्काला. याचिका याच कलमाखाली होत्या.

‘समाज अजून तयार नाही’ हे तर ठरलेलं उत्तर. शाहू महाराजांनी १९१९ मध्ये कोल्हापुरात आंतरजातीय विवाहाला कायद्याची मान्यता दिली, तेव्हा समाज अक्षता घेऊन उभा होता का? आजही जातीबाहेर लग्न केलं म्हणून मुलामुलींचे जीव घेतले जातात. म्हणून कायदा मागे घ्या असं कुणी म्हणत नाही.

सरकारने काहीच केलं नाही असंही नाही. २०२४ मध्ये रेशनकार्डावर जोडीदाराला एकाच कुटुंबात धरण्याच्या सूचना निघाल्या, हे चांगलं झालं. जॉइंट अकाउंट आणि नॉमिनीवर बंधन नाही असंही परिपत्रक आलं. ते वाचून मात्र हसू आलं. दोन माणसांना जॉइंट खातं उघडायला आधी तरी कोण अडवत होतं? (कोपऱ्यातला एखादा साहेब सोडून.) अडतं ते पुढे. नवऱ्याने बायकोला कितीही रकमेची भेट दिली तरी तिला त्यावर कर नाही. समलिंगी जोडीदाराने दिलेली भेट वर्षाला ५० हजारांच्या वर गेली की घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरणार. हाच मुद्दा घेऊन एक जोडपं २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात गेलं आहे.

तोवर, माझ्या ओळखीत अशी जोडपी आहेत हे मला माहीत आहे, त्यांच्यासाठी: नॉमिनेशनवर विसंबू नका, मृत्युपत्र करा. साधा कागद चालतो, दोन साक्षीदार लागतात. नोंदणी सक्तीची नाही, तरी करून ठेवा. ज्याला द्यायचं त्यालाच साक्षीदार करू नका. घर, ठेवी, शेअर्स सगळं नावानिशी लिहा. फॅमिली पेन्शन मात्र मृत्युपत्राने देता येत नाही, त्याला कायद्यातलं नातंच लागतं.