लाकडाच्या पोटातले गॅसेस

लाकूड आणि रेझिनचं पेंडंट पाहिलं की वाटतं, काय अवघड आहे यात? मोडक्या फांदीचा तुकडा साच्यात ठेवायचा, वरून निळं रेझिन ओतायचं, उद्या गळ्यात घालायचं. मलाही दर वेळी हेच वाटतं, ओतायला घेईपर्यंत.

बाटलीवर २:१ असं ठळक लिहिलेलं असतं: दोन भाग रेझिन, एक भाग ते घट्ट करणारा हार्डनर. ते आकारमानाने की वजनाने, हे मात्र मुंगीच्या अक्षरात. इपॉक्सीत, म्हणजे या दोन द्रवांच्या जोडीत, रेझिन सहसा हार्डनरपेक्षा जड, त्यामुळे आकारमानाचं प्रमाण वजनाला लावलं की गणित चुकलंच. ‘लवकर घट्ट व्हावं’ म्हणून चमचाभर जास्त घातलेला हार्डनर तसाच मोकाट राहतो आणि दागिना जन्मभर चिकट. ढवळायचं ३ ते ५ मिनिटं, सावकाश, तळ आणि कडा खरवडत. मग दुसऱ्या कपात ओतून पुन्हा. पहिला कप मात्र निपटायचा नाही. कडेला कच्चं रेझिन दडलेलं असतं आणि काटकसरीचा तो शेवटचा थेंब बरोबर पेंडंटच्या दर्शनी भागावर पडतो.

पण खरा खट लाकूड. ओलावा १० ते १२ टक्क्यांच्या आत हवा. तेवढं वाळवूनही त्याच्या पोटात हवा असतेच. रेझिन घट्ट होताना तापतं, हवा फुगते आणि सगळं मधासारखं दाटलं, की लाकूड ढेकर देतं. बुडबुडा अर्ध्या वाटेत अडकतो. गॅसच्या टॉर्चची ज्योत फिरवून पृष्ठभागावरचे फुटतात, खोलातले ढिम्म. टॉर्च रेंगाळला तर साचाच करपतो. म्हणून आधी तुटक्या टोकाच्या प्रत्येक खाचेत ब्रशने पातळ रेझिन जिरवायचं. ते बोटाला चिकचिकलं पण बोटावर आलं नाही, की मग मुख्य थर. आणि तुकडा तळाशी ग्लूगनच्या थेंबाने चिकटवायचा, नाहीतर साहेब तरंगत वर येतात.

२४ तासांनी साच्यातून निघतं, पण घासायची घाई नको; ७२ तासांआधी काचपेपर नुसता लडबडतो. हातमोजे आणि धुळीचा मास्क हवाच. काचपेपरचे नंबर १२०, २२०, ४०० असे चढत २००० पर्यंत, खरखरीतपासून बारीककडे. मधला एक नंबर गाळला, तर १२० चा ओरखडा अगदी शेवटी, चकाकी आल्यावर दर्शन देतो. कागदाखाली सपाट ठोकळा धरावा. नुसत्या बोटाने घासलं तर मऊ लाकूड जास्त झिजतं आणि रेझिनशी जोडावर पायरी पडते.

शेवटी कडीसाठी दीड मिलिमीटरचं भोक. ड्रिल जोरात फिरवलं तर रेझिन तापून मऊ होतं आणि पांढरं पडतं, जोडाजवळ घेतलं तर लाकूड तडकतं. तडकलेला भाग कापून टाकला की उरल्याचं छान कानातलं होतं. फक्त आता तस्संच दुसरं करायचं.