पुसून पुन्हा टाकण्याआधी : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

वाइनवर (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) हँग होणाऱ्या विंडोज प्रोग्रामविषयीच्या माझ्या लेखावर आपले दोन आक्षेप आहेत. वाइनचा फोल्डर पुसून प्रोग्राम पुन्हा टाकला की काम भागते, मग लॉग (प्रोग्राम चालताना उमटणाऱ्या नोंदी) वाचण्याचा खटाटोप कशाला, हा पहिला. आणि मी दिलेल्या आज्ञेमुळे आपला दुसरा, व्यवस्थित चालू असलेला प्रोग्रामही बंद पडला, हा दुसरा.

दुसरा आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे. 'वाइनसर्व्हर -के' ही आज्ञा एकट्या अडकलेल्या प्रोग्रामला नव्हे, तर त्या प्रिफिक्समधल्या (म्हणजे वाइनच्या त्या फोल्डरमधल्या) सगळ्या चालू प्रोग्रामना संपवते, हे मी ठळकपणे सांगायला हवे होते. आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल मनापासून क्षमा मागतो. लेखात दुरुस्ती केली आहे.

पहिल्याशी मात्र मी सहमत नाही. गेल्या पावसाळ्यात इथे इंदूरच्या कापड बाजारातल्या एका ओळखीच्या दुकानात बिलाचा प्रोग्राम 'प्रिंट' दाबताच हँग होत असे. दुकानदारकाकांच्या मुलाने दोनदा सगळे नव्याने टाकून पाहिले होते, तरी तेच. चालू प्रोग्राम किती प्रोसेसर वापरतात हे दाखवणाऱ्या 'टॉप'मध्ये पाहिले, तर प्रोग्राम प्रोसेसर जवळजवळ वापरतच नव्हता. म्हणजे तो कशाची तरी वाट पाहत थांबला होता. टर्मिनलमधून चालवल्यावर मिनिटभराने 'वेट टाइम्ड आउट' (वाट पाहण्याची मुदत संपली) अशी ओळ उमटली आणि तिच्या शेवटी 'रिट्रायिंग (60 सेक)', म्हणजे पुन्हा प्रयत्न. अखेर कप्समध्ये, म्हणजे लिनक्सच्या छपाई-व्यवस्थेत, वर्षभरापूर्वी विकून टाकलेल्या नेटवर्क प्रिंटरची नोंद सापडली, तीही डीफॉल्ट म्हणून! ती काढताच छपाईची खिडकी चटकन उघडली. वाइन हा एमुलेटर, म्हणजे दुसऱ्या संगणकाची नक्कल करणारा प्रोग्राम, नव्हे. प्रोग्रामने विंडोजकडे केलेली मागणी तो लिनक्सकडे वळवतो, त्यामुळे छपाई शेवटी कप्सकडेच जाते. प्रिफिक्स शंभरदा पुसला असता, तरी ती नोंद जागची हलली नसती.

शिवाय जुने हिशेबाचे प्रोग्राम आपला डेटा बहुधा त्याच प्रिफिक्समधल्या सी ड्राइव्हवर ठेवतात. काकांच्या मुलाने दोन्ही वेळा आधी प्रत काढली होती, म्हणून वर्षाची बिले वाचली.

आपली युक्ती चाचणी म्हणून उपयोगी आहेच. फक्त जुना फोल्डर पुसू नका, त्याचे नाव बदलून ठेवा. नव्या प्रिफिक्समध्येही प्रोग्राम हँग झाला, तर कारण बहुधा बाहेर आहे. तसे झाल्यास वाइनची आवृत्ती आणि टर्मिनलमधल्या शेवटच्या दहा ओळी मला जरूर कळवा.