आप्पा इज अप

खानदेशात सोयरीक जुळवताना पगाराच्याही आधी एक प्रश्न येतो, "मुलगा मुक्कामी राहतो का अपडाऊन करतो?" महिन्याचा रेल्वे पास काढून जो घर आणि नोकरी यांच्यामध्ये लोंबकळतो, तो अपडाऊनवाला. मी पाचोऱ्याहून जळगावला अपडाऊन करतो, असं सगळे म्हणतात. रेल्वेचा हिशोब मात्र निराळा आहे. मध्य रेल्वेत मुंबईकडे तोंड ती अप, मुंबईकडे पाठ ती डाऊन. म्हणजे सकाळी भांग पाडून, इस्त्रीचा शर्ट घालून मी निघतो ती गाडी डाऊन. आणि संध्याकाळी घामेजलेला, चुरगळलेला, रिकामा डबा वाजवत परततो ती अप. खरं पाहता मी डाऊनअप करतो. पण तसं सांगितलं असतं तर माझी सोयरीक पाचोरा स्टेशनाच्या बाहेर पडली नसती.

ही पद्धत विलायतेतली. तिकडे लंडनकडे जाणारी गाडी अप. लंडन काही डोंगरावर नाही, पण साहेब राहतो ते वर, एवढं साधं भूगोलशास्त्र. इकडे साहेब मुंबईत उतरला, म्हणून मुंबई वर. प्रत्यक्षात मुंबईचे पाय समुद्रात, आपलं जळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे २०० मीटर उंच आणि इगतपुरी ६००च्या आसपास. कसारा घाटात तर कमालच होते. तिथे दर ३७ मीटरला एक मीटर चढ. मुंबईहून आलेल्या गाडीला मागून जादा इंजिनं लावून ढकलत वर न्यावं लागतं, आणि त्या बिचारीचं नाव डाऊन. समोरून ब्रेक आवळत, चाकं कुरकुरवत खाली उतरते ती अप. डब्यातल्या एकालाही यात काही वावगं वाटत नाही. आमचं सगळं लक्ष चौथी सीट मिळते का याकडे.

अशा माणसाकडे बहिणीने मे महिन्यात, पारा ४५च्या घरात असताना, आपलं पोरगं पाठवलं. "भाऊ, याचं प्रिपोझिशन कच्चं आहे. तू रोज रेल्वेने जातो, तुला येतच असेल." या दोन वाक्यांचा संबंध मला अजून लागलेला नाही.

भाच्याकडे एक पुस्तक होतं. त्यात लिहिलेलं : अप म्हणजे वर. पोराने ते शपथेसारखं पाळलं. गो अप, वर जा. लुक अप, वर बघ. इथवर सुरळीत. मग आलं ईट अप. तो ताट घेऊन गच्चीवर निघाला. "मामा, वर खा असं लिहिलंय." त्या उन्हात गच्चीवर पापड भाजले असते, त्याला कसाबसा जिन्यातून ओढून आणला. शट अपचं त्याने केलं 'वर बंद कर' आणि पंख्याचं बटण दाबलं. गिव्ह अपपाशी अडला. "वर दे. पण मामा, कोणाला?" कचेरीत इतकी वर्षं काढल्यावर या प्रश्नाचं खरं उत्तर मला ठाऊक होतं, पण मुलाचं वय पाहून गिळलं.

चौथ्या धड्यात वाक्य होतं, ग्रँडफादर इज ऑलरेडी अप. सकाळची वेळ. आई चुलीवर कळण्याची भाकरी थापत होती. पोराने खड्या आवाजात भाषांतर केलं, "आप्पा आधीच वर गेले!"

शेजारच्या काकूंना भिंतीपलीकडून फक्त मराठी अर्धं ऐकू आलं. पंधरा-वीस मिनिटांत दारात चपलांचा ढीग. कोणी पंचा खांद्यावर टाकून, कोणी नुसताच चेहरा पाडून. आप्पा मागच्या अंगणात दात घासत होते. इतकी माणसं पाहून त्यांनी चूळ भरली, बाहेर आले आणि हलक्या आवाजात पहिल्याच माणसाला विचारलं, "कोण गेलं रे?" तो काही बोलेना. आप्पा समजूतदारपणे म्हणाले, "थांबा, टोपी घेतो. मी पण येतो." मग आईने भाकरीचं पीठ हातावर तसंच ठेवून जाहीर केलं, "त्या इंग्रजीले आग लागो!" आलेल्यांना चहा पाजावा लागला. दूध संपलं. तेही अपच.

इंग्रजी माणसाला याचा त्रास कसा होत नाही, कोण जाणे. घर बर्न अप होतं आणि बर्न डाऊनही होतं, राख तेवढीच. गाडी स्लो अप करा नाहीतर स्लो डाऊन करा, ती हळूच होते. मेक अप म्हणजे पावडर लावणं, भांडण मिटवणं आणि थाप रचणं. लग्नघरात ही तिन्ही कामं एकाच खोलीत चालतात हा भाग वेगळा.

आमच्या लोकांनी यावर उपाय काढलेला आहे. त्यांनी अपमधला अ काढून टाकला. चेकप, मेकप, सेटप. लाईट गेली की इन्व्हर्टरचा बॅकप. केळीचे घड भरून रावेरहून निघते ती पिकप, आणि घाटात दम धरत नाही तेव्हा त्याच गाडीत 'पिकप नाही' असंही म्हणतात. आप्पांचं ठाम मत आहे की पिकप हा शब्द आपलाच. पीक नेते ती पिकप. मी विरोध केला नाही. त्यांनी नुकतंच मरणातून उठून चहा घेतला होता.

सुट्टी संपता संपता भाच्याला गावातले दोस्त मिळाले. एका संध्याकाळी शेवभाजी खायला ढाब्यावर जायचं ठरलं. येणार का, या प्रश्नावर त्याने मोबाईलवर लिहिलं, आय ॲम डाऊन. दुसऱ्याने लिहिलं, आय ॲम अप फॉर इट. दोघांचा अर्थ एकच, मी तयार आहे. पण ते मला नंतर कळलं. त्याच्या आईने गटावर फक्त 'डाऊन' वाचलं आणि थेट फोन केला, "भाऊ, पोराला ऊन लागलं वाटतं! कांदा फोडून हुंगायला दे, साखरमिठाचं पाणी पाज, आणि बाहेर सोडू नको."

बहिणीचा शब्द. पोराला सक्तीने साखरमिठाचं पाणी पाजलं, खिशात कांदा कोंबला. पण सोडलं. ढाब्यावर शेवभाजीबरोबर कांदा संपला, तेव्हा पूर्ण टेबलात एकट्या त्याच्याकडेच बॅकप होता.