‘एबीसीडी कीबोर्ड’चा फॉरवर्ड: आधी तो उडवा

‘क्वर्टी (क्यू, डब्ल्यू, ई, आर, टी, वाय असा नेहमीच्या क्रमाचा) कीबोर्ड माणसाला मुद्दाम संथ करायला बनवला. जुन्या डिजिटल डायऱ्यांत एबीसीडी क्रमाच्या कळा होत्या, कारण सामान्यांना त्याच सोप्या. ज्येष्ठांनी आजच खालच्या लिंकवरून एबीसीडी कीबोर्ड घ्यावा.’ पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपांवरून फिरत हे कोथरूडच्या मावशीपर्यंत पोचलं आणि तिने तो बसवलाही.

संथच करायचं होतं, तर ई आणि आर शेजारी कशाला ठेवले असते? इंग्रजीत ही जोडी पदोपदी येते. टाइपरायटरच्या अक्षरं उमटवणाऱ्या दांड्या एकमेकींत अडकायच्या हे खरं, पण अडकणं टाळणं म्हणजे माणसाला संथ करणं नव्हे. शिवाय फोनमध्ये दांड्या आहेत कुठे?

डायरीचं अर्धं खरं आहे. 1986 च्या ‘सायऑन ऑर्गनायझर टू’ या डिजिटल डायरीवर खरोखरच ए ते एफ एका ओळीत, जी ते एल पुढच्या ओळीत होतं. पण त्याच कंपनीने 1991 च्या सिरीज थ्रीला क्वर्टी दिला, हे फॉरवर्डवाल्यांनी सोयीस्कर गाळलंय. डोनाल्ड नॉर्मन आणि डायान फिशर या संशोधकांनी 1982 सालीच नवख्यांवर प्रयोग करून दाखवलंय की एबीसीडी क्रमाचा म्हणण्यासारखा फायदा होत नाही. नजरेची शोधाशोध थोडी वाचते, डोक्याला ताण मात्र वाढतो. ‘कोथरूड’चा के घ्या. सहा-सहाच्या ओळींत तो दुसऱ्या ओळीत पाचवा, दहा-दहाच्या ओळींत दुसरीत पहिलाच. ओळ कुठे तुटते ते पाठ नसेल तर दर वेळी मनात ‘एच, आय, जे...’ म्हणत बसायचं.

देवनागरीचं वेगळं. तिथे वर्णमालेचा क्रम उपयोगी पडतो, कारण तो उच्चारस्थानाने लावलेला आहे. पण लिंक इंग्रजी कीबोर्डची आहे!

आता खरा धोका. कीबोर्ड म्हणजे तुमचं सगळं टायपिंग ज्यातून जातं ते ॲप. नवा कीबोर्ड सुरू करताना अँड्रॉइड स्वतः बजावतं की हा पासवर्ड आणि कार्डनंबरसकट सगळा मजकूर गोळा करू शकतो. लोक न वाचताच ‘ठीक आहे’ दाबतात. यूपीआयचा पिन यूपीआयच्याच आकड्यांच्या पॅडवर टाकतात, तेवढा सुरक्षित राहतो. नेटबँकिंगचा पासवर्ड, मेल, चॅट राहत नाहीत.

बसवला असेल तर सेटिंग्जमध्ये ‘कीबोर्ड’ शोधा, फोनसोबत आलेला पुन्हा निवडा, मगच नवा अनइन्स्टॉल करा. अक्षरं बारीक वाटत असतील तर जीबोर्डच्या (गूगलच्या कीबोर्डच्या) सेटिंग्जमध्ये कीबोर्डची उंची वाढवता येते. बऱ्याच तक्रारी तिथेच मिटतात. पासवर्ड बदला, पण ॲप काढून झाल्यावर. आधी बदललात तर नवाही त्याच कीबोर्डमधून जाईल.