लहान उद्योग ही मोठ्यांची बिनव्याजी बँक झाली आहे

लहान उद्योग म्हणजे अर्थव्यवस्थेचा कणा, हे वाक्य उद्घाटनाच्या भाषणांत इतकं वापरलं गेलंय की त्याला आता काही अर्थच उरलेला नाही. जागतिक बँकेच्या अंदाजानुसार जगातले सुमारे ९० टक्के व्यवसाय लहान किंवा मध्यम आहेत आणि निम्म्याहून जास्त रोजगार त्यांच्याकडे आहे. ठीक. पण या व्यवसायांचा पैसा वर्षभर नेमका कुठे पडून असतो, हे भाषणात कोणी सांगत नाही.

(रोजगाराच्या दाव्यातही एक मेख आहे. नव्या नोकऱ्या प्रामुख्याने लहान कंपन्या देतात ही समजूत १९७९च्या एका अमेरिकी अभ्यासानंतर रूढ झाली. २०१३ साली तिथल्याच अभ्यासकांनी कंपनीचं वय लक्षात घेऊन हिशेब मांडला, तर आकाराचा फायदा जवळपास नाहीसा झाला. नोकऱ्या वाढवतात त्या तरुण कंपन्या, आणि तरुण कंपन्या बहुधा लहान असतात, इतकंच.)

आता मुद्द्याचं. एखादा उद्योग मोठ्या कंपनीला सुटे भाग पुरवतो असं धरा. कच्चा माल आला की २० दिवस गोदामात राहतो, पुढचे १५ दिवस मशीनवर, आणि माल पोचल्यावर बिलाचे पैसे ९० दिवसांनी. कच्च्या मालाची १५ दिवसांची उधारी वजा केली तर खिशातला पैसा ११० दिवस बाहेर. म्हणजे तेच भांडवल वर्षात जेमतेम ३.३ वेळा फिरतं. बिल ४५ दिवसांत मिटलं असतं तर हे चक्र ६५ दिवसांवर आलं असतं आणि तेच भांडवल ५.६ वेळा फिरलं असतं. नवं कर्ज नको, अनुदान नको.

खरी गंमत ऑर्डर वाढल्यावर होते. महिन्याला १०० ची विक्री, ९० खर्च, १० नफा. ढोबळ हिशेबाने ११० दिवसांच्या खर्चाचे साधारण ३३० अडकलेले. ऑर्डर दुप्पट झाली की आणखी ३३० लागणार. महिन्याला १० नफ्यातून ते साठवायचे तर पावणेतीन वर्षं! म्हणून ताळेबंदात नफा दिसत असताना पगाराला पैसे नसतात, आणि कितीतरी चांगले उद्योग मंदीत नव्हे, मोठी ऑर्डर मिळाल्यावर बुडतात. वर १२ टक्के व्याजाने ओव्हरड्राफ्ट काढला असेल तर ९० दिवसांच्या उधारीचं व्याज १०० च्या बिलावर ३ होतं. म्हणजे १० च्या नफ्यातला जवळजवळ एक तृतीयांश गेला.

यात देशाचं नुकसान काय? मोठ्या कंपनीला बँक स्वस्तात पैसे देते, लहानाला महाग. तरीही उधार देतो तो लहान, आणि घेतो मोठा. पाणी चढावर वाहतंय. नव्या मशीनमध्ये जाऊ शकणारा पैसा दुसऱ्याकडची येणी म्हणून वहीत बसून राहतो. मोठा कोसळला तर तो जातोच. ब्रिटनमधली कॅरिलियन ही बांधकाम कंपनी जानेवारी २०१८ मध्ये बुडाली तेव्हा सुमारे ३० हजार पुरवठादार आणि उपकंत्राटदारांचे जवळपास २ अब्ज पौंड थकले होते. पुरवठादारांसाठी तिच्या अटी १२० दिवसांच्या होत्या, आणि वेळेवर पैसे देण्याच्या आचारसंहितेवर तिची सहीसुद्धा होती.

कायदे नाहीत असं नाही. युरोपीय संघाच्या २०११च्या निर्देशानुसार कंपन्यांमधल्या बिलांना सर्वसाधारणपणे ६० दिवस, सरकारी खात्यांना ३०. भारताच्या २००६च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायद्यात कमाल ४५ दिवस, आणि उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. कागदावर जबरदस्त. पण आपल्या सगळ्यांत मोठ्या गिऱ्हाइकावर दावा कोण ठोकणार? पुढची ऑर्डर त्याच्याच हातात असते. ज्या कायद्याचा वापर पीडितानेच करायचा असतो तो इथे लंगडा पडतो. म्हणून मला भारताच्या आयकर कायद्यात २०२४-२५ या कर निर्धारण वर्षापासून आलेला बदल जास्त कामाचा वाटतो: सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल मुदतीत दिलं नाही तर खरेदीदाराला त्या वर्षी तो खर्च करपात्र उत्पन्नातून वजा करता येत नाही, प्रत्यक्ष पैसे दिल्यावरच करता येतो. इथे पुरवठादाराला तोंड उघडावं लागत नाही, खरेदीदाराचा सीएच ओरडतो. पळवाट मात्र आहेच. सूक्ष्म-लघु उद्योग म्हणून नोंदणी नसलेल्याकडून किंवा मध्यम उद्योगाकडून माल घेतला की ही कटकट नाही.

कायदा सुधारेपर्यंत आपल्या हातात काय, तर सगळ्यात आधी तारीख. मुदत बिलाच्या नव्हे, माल स्वीकारल्याच्या तारखेपासून मोजायची असेल तर पोचपावतीवर सही, शिक्का आणि तारीख हवीच. ड्रायव्हर पावतीवर तारीख-शिक्क्याविना नुसती सही घेऊन आला की तीन महिन्यांनी ‘मालात खोट होती’ हे ऐकायची तयारी ठेवा. बिलावर खरेदी आदेशाचा क्रमांक चुकला तर ते हिशेब खात्यात निमूट पडून राहतं, कोणी कळवतही नाही. त्यामुळे बिल पाठवल्यावर आठवड्याभरात फोन करायचा. पैशासाठी नाही, बिल सिस्टिमला चढलं का एवढंच विचारायला. भावपत्रकात दोन दर द्या, ३० दिवसांचा आणि ९० दिवसांचा, म्हणजे उधारीची किंमत समोर दिसते. एकाच गिऱ्हाइकाकडे एकूण येण्यापैकी तिसरा हिस्सा अडकला की त्याची पुढची ऑर्डर आगाऊ रकमेशिवाय घेऊ नये. हा नियम सगळ्यांना माहीत असतो आणि मोडतो तो नेमका सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकासाठी.