आपलंच इंजिन जिंकवायचंय? मग चाचणी अशी घ्या

बुद्धिबळाचं इंजिन, म्हणजे बुद्धिबळ खेळणारा प्रोग्राम, लिहिलंत? अभिनंदन! आता ते तगडं करत बसू नका, त्यात वर्षं जातात. चाचणी तगडी करा.

आधी कोडी. ब्राट्को आणि कोपेक यांचा १९८२ चा संच घ्या. स्थिती फक्त २४, निम्म्या डावपेचांच्या, निम्म्या प्याद्यांची कोंडी फोडणाऱ्या. तेवढ्यांची घोकंपट्टी सहज होते. नवा संच काढायचा असेल तर उत्तरं आपल्याच इंजिनाला विचारा. प्रतिस्पर्ध्याने वजीर मारून डाव खिशात घातला, पण उत्तरपत्रिकेत घोड्याचा शह आहे? मग शून्य. जिंकणाऱ्या चाली दोन असू शकतात, हे सांगायची कुणाला गरज नाही. आपला तो बाब्या.

मग सामने. टीसीईसी या इंजिनांच्या स्पर्धेत प्रत्येक ओपनिंग (डावाची ठरावीक सुरुवात) दोनदा खेळवतात, रंग बदलून. तुम्ही एकदाच खेळवा, आणि पांढऱ्याचं पारडं जड असेल तिथे पांढरी मोहरी आपल्याकडे ठेवा.

समोरच्याचं यंत्रही नीट 'मांडून' द्या. डिसेंबर २०१७ मध्ये डीपमाइंड कंपनीच्या अल्फाझीरोने स्टॉकफिश ८ या इंजिनाला १०० डावांत २८–० हरवलं, ७२ बरोबरीत. स्टॉकफिशला थ्रेड (एकाच वेळी चालणारे हिशेब) ६४ दिले, पण हॅश (तपासलेल्या स्थिती लक्षात ठेवायची मेमरी) अवघा १ जीबी, आणि प्रत्येक चालीला मोजून एक मिनिट. घड्याळ सांभाळून अवघड जागी जास्त विचार करायचा, हे त्याचं कसब गेलं बासनात. पुढे टीका झाल्यावर त्यांनी ३ तासांचं घड्याळ लावून १००० डाव खेळवले. १५५ जिंकले खरे, पण ६ हरलेही. नीट चाचणी घेतली की असलं काही पदरात पडतं!

आकड्यांची भीती नको. २० डावांत १२–८ झालं की थांबा. म्हणजे एलोत, खेळाची ताकद मोजणाऱ्या गुणांकनात, साधारण ७० गुणांची आघाडी. इतक्या कमी डावांत त्रुटीची मर्यादाच बहुधा त्याहून मोठी असते, पण ती छापायची सक्ती कुठे आहे? स्टॉकफिशची मंडळी फिशटेस्ट या आपल्या चाचणी-यंत्रणेवर दोन-चार गुणांच्या सुधारणेसाठी हजारो डाव खेळवतात, आणि थांबायचं केव्हा याचा नियम आधीच ठरवून ठेवतात. रिकामटेकडी माणसं, दुसरं काय! तुम्ही थांबायचं ते पुढे असताना.

आणि मागे असाल तर? तो सराव होता. खरा सामना आता सुरू होतोय, ०–० पासून.