समुद्र कुठंय रे पक्या?

कॅरिबियन बेटावर मित्र राहतो म्हटलं की लोकांचे चेहरे बघण्यासारखे होतात. ऑफिसात एकाने तर डोळे मिटून "वा, निळंशार पाणी!" असा उसासाच टाकला. पक्या त्रिनिदादला गॅस प्लांटमध्ये नोकरीला आहे आणि राहतो शग्वानसला. शग्वानस म्हणजे हायवे, मॉल, सिग्नल आणि परत हायवे. बाल्कनीतून दिसतं काय, तर समोरच्याची पाण्याची टाकी.

इथून थेट विमान नाही. म्हणून लंडनवरून गेलो. बॅगेत भाजणी, कोकम, मेतकूट, कुळथाचं पीठ असा वहिनींचा सगळा संसार, आणि उरलेल्या फटीत माझे कपडे. कस्टमवाल्याने मेतकुटाची पुडी उचलून अशी काही हुंगली की माझाच जीव वरखाली झाला.

पहिल्या सकाळी मी टॉवेल खांद्यावर टाकूनच बाहेर आलो. पक्या म्हणाला, आधी डबल्स खाऊ. रस्त्याकडेच्या टपरीवर ती बाई कागद पसरते, त्यावर दोन मऊ बारा (आपल्या वड्याचाच लांबचा भाऊ, पण चपटा), वर पळीभर छोले, काकडी, चिंचेची चटणी, आणि हे सगळं एवढ्या वेगात की आपण पैसे काढेपर्यंत पुडी हातात. तिखट किती विचारल्यावर पक्याने मला न विचारता "स्लाइट" सांगून टाकलं. मी साताऱ्याचा माणूस, मला स्लाइट? तो अपमान पहिल्या घासापर्यंतच टिकला, मग कानातून वाफा. मोरुगा स्कॉर्पियन नावाची मिरची याच बेटाची, २०१२ मध्ये जगातली सगळ्यात तिखट म्हणून गाजली होती. हे पक्याने मी पाणी शोधत असताना सांगितलं.

मग निघणार, तेवढ्यात शेजारचे काका आले. त्यांचे पूर्वज बिहारकडचे, ऊसमळ्यात मजुरीला आणलेले. पहिलं जहाज १८४५ ला आलं, आणि आज बेटावरची साधारण ३५ टक्के माणसं भारतीय वंशाची आहेत. नाव रामनारायण छापाचं, बोलणं मात्र अस्सल त्रिनिदादी इंग्रजी, निम्मं माझ्या डोक्यावरून. मी महाराष्ट्रातला कळल्यावर ते खुर्ची ओढून बसलेच आणि १९७१ ची सिरीज सुरू. पोर्ट ऑफ स्पेनला गावसकरचं पदार्पण, सरदेसाईंची सेंच्युरी, भारताचा वेस्ट इंडिजवरचा पहिलावहिला टेस्ट विजय, गावसकरच्या सिरीजभरात ७७४ धावा, आणि त्यातली प्रत्येक धाव काकांना पाठ. ऊन उतरलं तरी आम्ही चौथ्या टेस्टमध्येच.

दुसऱ्या दिवशी मी हट्टच धरला तर पक्या घेऊन गेला वॉटरलूला. समुद्र होता! म्हणजे असायला हवा होता, पण ओहोटी असल्याने नजर जाईल तिथपर्यंत चिखल आणि त्यात उभे बगळे. आणि एक पांढरं देऊळ. त्याची गोष्ट मात्र जबरी आहे. सिऊदास साधू नावाच्या मजुराने ऊसमळ्याच्या जमिनीवर देऊळ बांधलं, ते मालकांनी पाडलं, वर त्याला तुरुंगात टाकलं, तर हा पठ्ठ्या म्हणाला असेल जमीन तुमची ना, राहू द्या, आणि सायकलवरून दगड-सिमेंट नेऊन समुद्रातच भर घालून पुन्हा बांधायला घेतलं. मी हात जोडले. पण टॉवेल कोरडाच.

शेवटी रविवारी माराकास बीच. अख्खा शग्वानस त्याच दिवशी तिकडे निघालेला, हायवे जॅम, मग डोंगरातला वळणावळणाचा रस्ता, वहिनी मागे लिंबू हुंगत बसलेल्या. आणि उतरल्यावर खरंच तो कॅलेंडरमधला समुद्र! मी चपला काढतोय तोवर लाइफगार्डने लाल झेंडा रोवला. लाटा मोठ्या, पोहायचं नाही. मग शार्कचा तुकडा भरलेली पुरी हातात धरून घोट्याएवढ्या पाण्यात उभे राहिलो, पक्या तर तेवढंही नाही, त्याच्या खिशात गाडीची चावी होती.

"तसं पोहायला इथे कोण येतं," तो तोंड पुसत म्हणाला. "खरा समुद्र टोबॅगोला, शेजारच्या बेटावर. पुढच्या वेळी जाऊ."